बरोबरीची जोड

ठाण्याहून बाळकुमचा नाका मागे टाकून खाडीवरील पूल ओलांडला की कशेळी लागते. भिवंडी तालुक्याच्या या टोकाला पूर्वी भातखाचरे होती. आता पाहावे तिकडे गोदामे. पुलापासून काल्हेर, पूर्णा, राहनाळपर्यंत मालमोटारींची रांग दिवसरात्र हलत असते. याच रांगेत आपला छोटा टेम्पो घालून गोदामातला माल ठाण्या-मुंबईच्या दुकानांत पोहोचविणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. गाव त्यांना नाना म्हणतो, मीही नानाच म्हणतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि खिशातला मोबाइल काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. त्यावर बास्केटबॉलच्या एका सामन्याच्या गुणपत्रकाचे छायाचित्र होते. त्यांच्या मुलाच्या नावापुढे एकतीस गुण मांडलेले होते.

"मास्तर, एकट्याने एकतीस," नाना म्हणाले. "बाकीच्या सगळ्यांचे मिळून तेवढे नाहीत."

मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. उंची सहा फूट चार इंच. आमच्या गल्लीत तो उभा राहिला म्हणजे विजेच्या तारेची काळजी वाटावी असा. आपल्या महाविद्यालयाच्या संघात तो सेंटरच्या जागी, म्हणजे अगदी बास्केटखाली खेळतो. परप्रांतातील एका संघाने त्यास बोलाविले होते. राहणे, जेवण आणि थोडेसे विद्यावेतन, एवढे देऊ म्हणत होते. पण ताबडतोब यावयाचे, आणि आले म्हणजे यंदाची परीक्षा बुडणार. नानांना एवढेच हवे होते की मी 'पाठवा' किंवा 'पाठवू नका' यांपैकी एक काहीतरी म्हणावे. मी आयुष्याची बरीच वर्षे मैदानावर पंचाची शिट्टी घेऊन काढली आहेत, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे यावा हे रास्तच होते.

मी गुणपत्रक पाहिले आणि विचारले, "समोर कोण होता?"

नाना किंचित दुखावले. माझ्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. पण एकतीस या आकड्यात मला उत्तर सापडेना, एवढे मात्र खरे.

श्रोतेहो, या प्रश्नाचे मर्म आपल्याकडे बास्केटबॉल येण्याच्या कितीतरी आधीपासून लोकांना ठाऊक आहे. जत्रेच्या हगाम्यात हलगी वाजू लागली म्हणजे पैलवान आखाड्याला फेरी घालतात आणि पंच जोडी लावतात. जोड लावणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. काटा नाही, फूटपट्टी नाही. वस्ताद मंडळी दोघांना शेजारी उभे करतात, मान, मांडी, मनगट नजरेखालून घालतात, कोण कोणत्या तालमीचा, किती वर्षांचा हे विचारतात, आणि मग दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात. जोड विजोड झाली तर भोवतालची माणसे गप्प बसत नाहीत. थोराड गड्याने कोवळ्या पोराला अर्ध्या मिनिटात चितपट केले तर त्याला टाळी मिळत नाही; उलट हंशा मिळतो, आणि तो हंशा पैलवानाच्या वाट्याचा नसून पंचांच्या वाट्याचा असतो. पण बरोबरीची जोड वीस मिनिटे झुंजून सोडवावी लागली, तर दोघांनाही लोक खांद्यावर घेतात. निकाल लागला नाही, तरी दोघांची किंमत कळली, असा त्याचा अर्थ.

या न्यायाचे आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वर गावचा हा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. अंगाने लहानखुरा. जत्रेच्या मातीत लोकांच्या डोळ्यांत भरतो तो धिप्पाड मल्ल. शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्तीही त्याचीच. लहान चणीच्या मल्लाला, तो कितीही तरबेज असो, मधल्या वेळच्या टाळ्यांवर समाधान मानावे लागे. ऑलिंपिकमध्ये मात्र मापच निराळे. तेथे वजनाचे गट ठरलेले. समोरचा माणूस तुमच्याच वजनाचा. त्यामुळे जिंकलात तर अंगाच्या जोरावर जिंकलात असे म्हणण्याची सोय नाही, आणि हरलात तर समोरचा थोराड होता ही सबबही नाही.

१९४८ साली लंडनला खाशाबा ५२ किलोच्या गटात उतरले आणि सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम बहुतेक नवेच होते. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा राहीना, तेव्हा त्यांच्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. एखाद्या विद्यार्थ्याच्या खेळाची पारख याहून जबाबदारीने कोणी केली असेल असे मला वाटत नाही. कारण तेथे पारख चुकली असती, तर मत मागे घेऊन भागण्यासारखे नव्हते, घर जावयाचे होते. १९५२ च्या त्या स्पर्धेत खाशाबा ५७ किलोच्या गटात, म्हणजे लंडनहून एक पायरी वरच्या वजनात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या इशीई याच्याशी दीर्घ झुंज देऊन ते गुणांवर हरले. आणि पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएट रशियाच्या मामेदबेकोव्हसमोर उभे राहावे लागले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास तरी मिळावयास हवा होता. पण तो हक्क बजावून सांगणारा भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असे त्या प्रसंगाबद्दल सांगतात. इशीईला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही हकीकत आपल्याला ठाऊक आहेच. मी ती येथे काढली ती एका निराळ्या कारणाने. निकालाच्या कागदावर मामेदबेकोव्हविरुद्ध 'पराभव' एवढेच लिहिलेले राहते. मल्ल थकलेला होता हे कागद सांगत नाही. म्हणजे बरोबरीची जोड मिळाली तरी वजन नीट झालेच असे नाही. काटा हलत नव्हता ना, हेही पाहावे लागते.

आता बास्केटबॉलकडे येऊ. १८९१ साली अमेरिकेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला आणि टोपली दहा फुटांवर टांगली. तेव्हापासून आजपर्यंत ती तेथेच आहे. साहजिकच टोपलीच्या जवळ ज्याचे डोके, त्याचे माप मोठे. पण या खेळात उंचीचे गट नाहीत. आपल्या महाविद्यालयीन सामन्यांत सहा फूट चार इंचांच्या सेंटरसमोर पुष्कळदा पाच फूट दहा इंचांचा मुलगा उभा असतो. आमचा उंच मुलगा चेंडू डोक्यावर धरतो, वळतो आणि टाकतो. खालच्याने कितीही उड्या मारल्या तरी त्याची बोटे मनगटापर्यंतच पोहोचतात. असे दहा-बारा वेळा झाले म्हणजे गुणपत्रकावर चोवीस-पंचवीस गुण दिसतात. यात खेळाचा भाग थोडा आणि उंचीचा पुष्कळ. मुंबईत नागपाड्याच्या मैदानावर ज्यांनी संध्याकाळी उभे राहून सामने पाहिले असतील, त्यांना हे सांगावयास नको. तेथील जुनी मंडळी गुण मोजण्याआधी पाय पाहतात.

सेंटरची खरी पारख तेव्हाच सुरू होते, जेव्हा त्याच्या खांद्याला खांदा लागणारा कोणी समोर येतो. मग वर धरलेला चेंडू सुरक्षित राहत नाही. जागा आधी धरावी लागते, पाठ टेकून रेटा सोसावा लागतो, एकीकडे वळण्याचे सोंग करून दुसरीकडे पाऊल टाकावे लागते. टोपलीच्या कड्यावरून परत येणारा चेंडू नुसता हात वर करून मिळत नाही. समोरच्याला पाठीने अडवून, तो कोठे पडेल याचा अंदाज घेऊन उडी मारावी लागते. आणि ज्याला आजवर हात नुसते वर करण्याची सवय, तो अशा वेळी हात पुढे घालतो. शिट्टी वाजते. फाउल भरले की बाहेर. १९४५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महाविद्यालयीन खेळातील त्या काळचे दोन प्रख्यात उंच सेंटर, डीपॉलचा जॉर्ज मायकन आणि ओक्लाहोमाचा बॉब कर्लंड, समोरासमोर आले, तेव्हा मायकनचे हेच झाले. फाउल भरून तो लवकर बाहेर बसला आणि कर्लंडच्या संघाने सामना ५२–४४ असा जिंकला. मायकन पुढे व्यवसायी खेळात त्या पिढीचा सर्वश्रेष्ठ सेंटर ठरला, हे मात्र विसरू नये.

म्हणून एकाच जोडीवरून निकाल देण्याचीही घाई करू नये. याचा दाखला म्हणून १९६८ सालच्या दोन सामन्यांइतका बोलका प्रसंग मला दुसरा ठाऊक नाही. २० जानेवारीस ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर ह्यूस्टन विद्यापीठ आणि लॉस एंजेलिसचे यूसीएलए यांचा सामना झाला. यूसीएलए सलग ४७ सामने हरले नव्हते. त्यांचा सेंटर ल्यू अल्सिंडर, म्हणजेच पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झालेला, सात फुटांहून उंच; ह्यूस्टनचा एल्विन हेज सहा फूट नऊ इंच. हेजने ३९ गुण केले, अल्सिंडरने अवघे १५. अठरा प्रयत्नांत त्याचे चारच चेंडू टोपलीत पडले. ह्यूस्टन ७१–६९ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे वाचून कोणालाही वाटावे की या दोघांत कोण श्रेष्ठ हा प्रश्न मिटला.

पण अल्सिंडरच्या डोळ्याला आठवड्यापूर्वीच्या सामन्यात ओरखडा गेला होता आणि मधले दोन सामने तो खेळलाच नव्हता. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत हेच संघ लॉस एंजेलिस येथे पुन्हा भेटले. या खेपेस यूसीएलए १०१–६९ असे जिंकले. अल्सिंडरचे १९ गुण. आणि त्या हंगामात सामन्यागणिक छत्तीसहून अधिक गुण करणाऱ्या हेजचे केवळ १०.

मग हेजला अल्सिंडरने रोखले म्हणावयाचे काय? येथेच गुणपत्रक आपल्याला दुसऱ्यांदा फसविते. यूसीएलएने त्या दिवशी चार खेळाडूंचा चौकट-बचाव रचला होता आणि पाचवा खेळाडू एकट्या हेजच्या सावलीसारखा लावून दिला होता. तो पाचवा अल्सिंडर नव्हता. तो होता लिन शॅकेलफर्ड, सहा फूट पाच इंचांचा. म्हणजे ज्याला आपण दोन महाकायांची झुंज म्हणून मिरविले, तीत एका महाकायाला बांधून ठेवले ते त्याच्याहून चार इंच बुटक्या माणसाने, आणि त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या चौघांनी. 'समोर कोण होता' हा माझा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, तो यामुळे. नावाने समोर असलेला आणि खरोखर समोर असलेला, हे दोघे निराळे असू शकतात.

उंचीला उंचीनेच तोंड द्यावे लागते असेही नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. १९५७ च्या अंतिम सामन्यात कॅन्ससच्या विल्ट चेंबरलेनसमोर सुरुवातीच्या उडीसाठी नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रशिक्षकांनी टॉमी केर्न्स हा पाच फूट अकरा इंचांचा खेळाडू पाठविला. उडी अर्थातच चेंबरलेनने जिंकली. प्रेक्षक हसले असतील. पुढे त्याला दोघा-तिघांनी घेरून ठेवले. त्याने २३ गुण केले, तरी तीन जादा डावांनंतर नॉर्थ कॅरोलायना ५४–५३ असे एका गुणाने जिंकले. एवढ्यावरून चेंबरलेन कच्चा होता असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी म्हणावे. मी म्हणणार नाही. घेरलेल्या सेंटरने किती गुण केले यापेक्षा, दोघे त्याच्यावर धावून आल्यामुळे मोकळ्या राहिलेल्या सहकाऱ्याला त्याने चेंडू किती वेळा दिला, हे मी वहीत लिहून ठेवतो.

तर नानांना मी त्या संध्याकाळी उत्तर दिले नाही. त्यांच्या मुलाच्या हंगामाचे राहिलेले सामने पाहीन आणि मग सांगेन, एवढे कबूल केले. नाना म्हणाले, "तेवढ्यात ते लोक दुसऱ्याला बोलावतील." हा धोका होताच, तो मी माझ्या शब्दावर त्यांना पत्करावयास लावला, याची टोचणी मला पुढचे काही आठवडे होती. पूल ओलांडताना टेम्पोत नाना दिसले की मी नजर चुकवीत असे.

राहिलेल्या सामन्यांपैकी दोनच असे निघाले, की ज्यांत समोरच्या संघाचा सेंटर आमच्या मुलाच्या तोलाचा होता. बाकीच्या सामन्यांत त्याने पूर्वीप्रमाणेच गुणांच्या राशी घातल्या. त्या मी वहीत मांडल्याही नाहीत.

पहिल्या जोडीच्या सामन्यात त्याची दैना झाली. समोरचा मुलगा उंचीने त्याच्याएवढाच, पण अंगाने भरलेला आणि पायांनी चपळ. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या मुलाचे दोन चेंडू हातातल्या हातात अडविले गेले. मग तो चिडला, धक्के देऊ लागला, आणि उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला तोच पाचवा फाउल होऊन बाहेर येऊन बसला. तोंडावर टॉवेल घेतला होता. नाना माझ्या शेजारी होते. ते काही बोलले नाहीत. घरी परतताना फक्त म्हणाले, "संपले म्हणायचे."

मला तसे वाटत नव्हते, पण तसे म्हणण्याला माझ्यापाशी आधारही नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतःहून आला. "सर, मी कुठे चुकलो?" असे त्याने विचारले असते तर मी चार शब्द सांगितले असते. त्याने विचारले ते निराळेच. "सर, तो माझ्या आधी तिथे कसा असतो?" श्रोतेहो, या एका वाक्याने मला हायसे वाटले. आपण चेंडूकडे पाहत होतो आणि समोरचा जागेकडे पाहत होता, हे त्याच्या लक्षात आले होते.

दुसरा जोडीचा सामना तीन आठवड्यांनी झाला. प्रतिस्पर्धी निराळा, उंचीने एखादा इंच अधिकच. या सामन्यात आमच्या मुलाने नऊ गुण केले. संघ हरला. परंतु माझ्या वहीतील पान निराळे होते. फाउल दोनच. परतलेल्या चेंडूंसाठी समोरच्याला त्याने इतक्या वेळा पाठीने अडवून धरले की ते चेंडू त्याच्या हाती न पडता सहकाऱ्यांच्या हाती पडले; गुणपत्रकावर त्याचे श्रेय दुसऱ्यांच्या नावावर गेले. समोरच्या सेंटरला बहुतेक चेंडू टोपलीपासून दूर घ्यावे लागले आणि दुरून टाकावे लागले. आणि चौथ्या डावात दोघे अंगावर आले असता त्याने चेंडू कोपऱ्यातल्या मोकळ्या मुलाला दिला. त्या मुलाने तो चुकविला, ही गोष्ट वेगळी.

दोन सामने म्हणजे काही फार मोठा पुरावा नव्हे, हे मी नानांना स्पष्ट सांगितले. आणि मग उत्तरही दिले: परीक्षा देऊ द्या, त्या लोकांना कळवा की मुलगा परीक्षेनंतर येईल, थांबले तर पाठवा.

नाना म्हणाले, "मास्तर, एकतीस केले तेव्हा तुम्ही गप्प राहिलात आणि नऊ केले तर पाठवा म्हणता?"

मी त्यांना कोल्हापूरची आठवण दिली. खेडोपाडीची मुले घरदार सोडून गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींत जाऊन का राहतात? गावातही माती आहे, दूधही आहे. गावात नसते ती जोड. आपल्याच गावात आपल्याला कोणी पाडणारा उरला नाही, की पैलवानाची वाढ थांबते. तालमीत रोज सकाळी तोलाचा गडी अंगावर येतो. आज तो पाडतो, उद्या आपण. तुमच्या मुलाला आपल्याकडे संबंध हंगामात असे दोन दिवस मिळाले, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या तीन आठवड्यांत तो जेवढे शिकला तेवढे आधीच्या दोन वर्षांत शिकला नव्हता. तिकडे त्याला असा माणूस रोज समोर मिळेल. कदाचित रोज मार खाईल. पहिले वर्षभर त्याच्या नावापुढे सांगण्यासारखे गुण दिसणार नाहीत, तेव्हा मोबाइलवर छायाचित्रे मागवू नका.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी टेम्पोची किल्ली उचलली. पुलावर त्या वेळी मालमोटारी खोळंबल्या होत्या आणि त्यांना अंधार पडण्यापूर्वी ठाण्यास पोहोचावयाचे होते. दारातून त्यांनी एवढेच विचारले, "त्या दुसऱ्या सामन्यातला समोरचा मुलगा कोणत्या गावचा, ते वहीत आहे का?"

होते. मी पान काढून दिले.